पहाटे गारठा, दुपारी ऊन : लपणगृहात बसण्यासाठी मेरिनो लोकरीचा आतला कपडा कसा निवडावा?

नान्नजची पहाट (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

गेली सात वर्षे मी नान्नजच्या माळरानावर आणि हिप्परगा तलावाच्या काठाने प्राणी-पक्षी पाहत व त्यांची छायाचित्रे काढत फिरतो आहे. वरच्या कपड्यांचा, बुटांचा, दुर्बिणीचा विचार पुष्कळ केला. अंगाला लागून असणाऱ्या कपड्याचा मात्र कधीच केला नव्हता. तो करायला लावणारा प्रसंग आधी सांगतो, म्हणजे माझा प्रश्न नेमका कळेल.

गेल्या डिसेंबरात वनखात्याची परवानगी घेऊन मी पहाटे साडेपाचला लपणगृहाकडे, म्हणजे प्राण्यांच्या नजरेस न पडता बसण्याच्या आडोशाकडे, निघालो. हवा अकरा-बारा अंशांची असावी. अंगात नेहमीचे सुती बनियन, वर जाड शर्ट आणि त्यावर जाकीट होते. खांद्यावर तिपाई व मोठी लेन्स मिळून आठ-नऊ किलोंचे ओझे घेऊन दीड किलोमीटर चालल्यावर आत पोहोचेपर्यंत पाठीला घाम फुटला होता. बसल्यानंतर पंधरा मिनिटांत ते ओले बनियन बर्फासारखे पाठीला चिकटले आणि माळावरचा वारा फटींतून आत येऊ लागल्यावर हुडहुडी भरली. सव्वासातच्या सुमारास ओढ्याच्या काठाने लांडग्याची जोडी आली, साठ-सत्तर पावलांवर थांबली आणि मादीने थेट माझ्या दिशेने पाहिले. इतक्या वर्षांत असा योग मला एकदाच आला, आणि बोटे थरथरत असल्यामुळे त्यातली एकही चौकट धारदार आली नाही. पुढे साडेअकराला याच जागी तीस अंश तापमान होते आणि मी जाकीट काखेत मारून परत आलो.

त्यानंतर वाचायला घेतले. या विषयावर सर्वांत बारकाईने परदेशातल्या शिकारी लोकांनी लिहिलेले आहे, कारण त्यांचे काम असेच आहे : हरणाच्या मागावर डोंगर चढायचा, घाम गाळायचा आणि मग तासन्‌तास हालचाल न करता बसायचे, तेवढ्यात हवा पालटते, पाऊस येतो, पुन्हा ऊन पडते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला आणि ते योग्यच झाले, पण माग काढणे व निश्चल बसणे हे आपल्यालाही चुकलेले नाही. ही मंडळी एकमुखाने मेरिनो लोकरीची, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीची, शिफारस करतात. मात्र त्यांच्या हिवाळ्यात आणि सोलापूरच्या हिवाळ्यात फार फरक आहे, म्हणून इथल्या माणसांना विचारतो आहे.

कापडाचे वजन किती जीएसएम असावे? मायक्रॉनच्या आकड्याला किती महत्त्व द्यावे? निव्वळ लोकर घ्यावी की नायलॉन मिसळलेली? येत्या फेब्रुवारीत हिमबिबट्या पाहण्यासाठी हिमाचलमधल्या स्पितीतल्या किब्बरला जाण्याचे ठरते आहे. तोच कपडा तिथेही चालेल का? एका बनियनची किंमत चार हजारांच्या वर जाताना दिसते, त्यामुळे एकदाच आणि नीट घ्यायचे आहे.

सूतपारखी (सोलापूर)

नमस्कार. मी एकतीस वर्षे कापडाच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालो. माझे बहुतेक आयुष्य सुतात गेले, तरी लोकरीचे नमुनेही हाताखालून गेले आहेत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी त्या सकाळी तुमच्या पाठीवर काय घडले ते सांगतो, कारण ते समजले की निम्मी निवड आपोआप होते.

ओलावा धरण्याच्या बाबतीत कापूस आणि लोकर दोन्ही पुढे आहेत. साधारण हवेत कापसाच्या धाग्यात त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी असते, लोकरीत सोळा टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नसते. मग कापूस वाईट आणि लोकर चांगली का, असा प्रश्न पडेल. फरक पाणी कुठे राहते यात आहे. कापसाचा धागा ओला झाला की मऊ पडतो, त्यातली हवेची जागा पाण्याने भरते आणि कापड कातडीला सपाट चिकटते. पाण्यातून उष्णता हवेच्या मानाने सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून जाते; म्हणजे तुमच्या पाठीवर ऊब धरणारा थर उरलाच नाही, उलट उष्णता बाहेर नेणारी वाट तयार झाली. त्यात घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो ती वेगळीच. सोलापूरच्या मे महिन्यात कापसाचा हाच गुण आपल्याला जीव लावतो. डिसेंबरच्या पहाटे तोच वैरी होतो.

लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग पाण्याचा थेंब सहज आत घेत नाही, परंतु वाफेच्या रूपातला घाम तंतूच्या गाभ्यात शिरतो. तंतू कोरड्या वजनाच्या जवळपास तीस टक्क्यांपर्यंत वाफ अशी सामावून घेतो, तरी हाताला कापड ओले लागत नाही. आणि वाफ सामावून घेताना तो थोडी उष्णता बाहेर टाकतो. शिवाय तंतूला जन्मजात कुरळेपणा असल्यामुळे कापड कातडीवर सपाट पडत नाही, मधे हवा राहते. चालून आल्यानंतरची पहिली वीस मिनिटे, जेव्हा तुम्हाला हुडहुडी भरली, तेव्हा हाच गुण कामी येतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण जाहिरातींत ती झाकली जाते. मेरिनो पार भिजली तर पॉलिएस्टरपेक्षा सावकाश वाळते, आणि ओली असताना तिची ताकद कमी होते. परतीच्या पावसात चिंब झाल्यावर ती कोरड्या कपड्याइतकी उबदार राहील अशी समजूत करून घेऊ नका. पावसासाठी वरचा थर वेगळाच लागतो.

आता आकडे. मायक्रॉन म्हणजे तंतूची जाडी. साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचे टोक कातडीला टोचते. मेरिनो टोचत नाही याचे कारण एवढेच की तिच्यात असे तंतू फार थोडे असतात. साडेअठरा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असेल तर अंगावर थेट घालायला हरकत नाही. सतरा आणि साडेसतरा यांतला फरक तुमच्या पाठीला जाणवणार नाही, आणि तंतू जितका बारीक तितके कापड झिजायला लवकर, म्हणून त्या शर्यतीत पैसे घालू नका. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. दीडशेच्या आसपासचे हलके, दोनशेच्या आसपासचे मध्यम आणि अडीचशेच्या वरचे भारी. सोलापूरसाठी दीडशेच्या वर जाऊ नका. जाड थर चालताना जास्त घाम काढतो आणि बसल्यावर तोच घाम तुम्हाला गारठवतो. ज्या दोषातून सुटायचे तोच दोष तुम्ही जास्त पैसे देऊन विकत घ्याल.

नायलॉनबद्दल : निव्वळ लोकरीच्या दीडशे जीएसएमच्या कापडाला पिशवीच्या पट्ट्याखाली, खांद्यावर, वर्षाभरात भोके पडलेली मी पाहिली आहेत. नायलॉनच्या बारीक धाग्याभोवती लोकर गुंडाळून केलेले सूत मिळते. त्यात दहा-पंधरा टक्के नायलॉन असले तरी लोकरीचे गुण फारसे कमी होत नाहीत आणि टिकाऊपणा वाढतो. आठ-नऊ किलोंचे ओझे नेहमी वाहणार असाल तर मी तेच सुचवीन.

माणकाठ (सांगोला)

सूतपारखी काकांनी सविस्तर लिहिले आहे, त्यात मी घरची थोडी भर घालतो. आमचे घराणे मेंढपाळांचे. आजोबा पावसाळ्यात कोकणाकडे न जाता माण नदीच्या पट्ट्यातच मेंढ्यांचा वाडा (मुक्काम) हलवत राहायचे, आणि त्यांच्या अंगावर बाराही महिने घोंगडी असायची.

तुम्ही सगळे आतल्या थराबद्दल बोलता आहात, पण आमच्याकडे लोकर कधीच अंगाला लागून घातली नाही, आणि त्याला कारण होते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. केसाची भेसळ असलेली. ती अंगाला टोचते. म्हणून आत सुती बंडी आणि वर घोंगडी असा रिवाज. मेंढपाळ दिवसभर सावकाश चालतो, धावत नाही, त्यामुळे बंडी घामाने भिजत नाही; पाऊस आला की घोंगडीची खोळ डोक्यावरून घ्यायची आणि काठीवर हात टेकून उभे राहायचे. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या विणीवरून बराच वेळ पाणी ओघळून जाते. भिजून जड झाली तरी आत गारठा लागत नाही, हे मी लहानपणी त्याच खोळीत उभा राहून अनुभवले आहे. बाहेर सरी कोसळताहेत आणि आत मेंढीचा व धुराचा वास असलेली ऊब.

कोकराची पहिली कातरणी होते, तिला आम्ही जावळ म्हणतो. त्या लोकरीची घोंगडी मऊ असते आणि महागही, कारण एका कोकरापासून फार थोडी निघते. आजी नातवंडांना तीच पांघरायची. म्हणजे बारीक तंतू टोचत नाही ही गोष्ट आमच्या लोकांना मायक्रॉनचा आकडा न कळताही ठाऊक होती.

माझी सूचना अशी की लपणगृहात मेरिनोचा पातळ थर अंगात घाला आणि बसल्यावर खांद्यावरून साधी सनगरी घोंगडी घ्या. जाकिटाच्या कापडाची सळसळ होते. कोल्हा, लांडगा यांचे कान ती टिपतात. घोंगडीचा आवाज होत नाही, रंग मातीत मिसळतो आणि ऊन चढले की तीच खाली अंथरता येते. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या पट्ट्यात ती अजून हातमागावर विणली जाते. वासाबद्दल मात्र भ्रम नको. लोकरीला घामाचा वास कमी लागतो हे खरे, पण माणसाचा वास लांडग्याला येतोच. वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल अशीच जागा धरावी लागते.

नान्नजची पहाट (सोलापूर)

काका, माणकाठ, दोघांचेही मनापासून आभार. घोंगडीची गोष्ट वाचून घरातली जुनी घोंगडी माळ्यावरून काढली आणि उन्हात टाकली.

एक शंका आहे. मागच्या महिन्यात एका विक्रेत्याकडून ‘मेरिनो’ असे लिहिलेले थर्मल पंधराशे रुपयांना मागवले होते. हाताला ते फारच गुळगुळीत लागते आणि एका तासात त्याला कुबट वास येतो. ते खरोखर लोकरीचे आहे का, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

सूतपारखी (सोलापूर)

आधी आतल्या चिठ्ठीवर तंतूंची टक्केवारी लिहिली आहे का ते पाहा. ‘मेरिनो स्पर्श’, ‘मेरिनोसारखे मऊ’ अशा शब्दांखाली बहुधा अॅक्रिलिक असते. टक्केवारीच नसेल तर तिथेच शंका घ्यावी.

जाळून पाहण्याची परीक्षा जुनी आणि भरवशाची आहे, पण लोक ती चुकीच्या धाग्यावर करतात. शिवणीचा दोरा काढून जाळू नका. निव्वळ लोकरीच्या कपड्यातही शिवणीचा दोरा सहसा पॉलिएस्टरचा असतो. खालची मुडप थोडी उसवून आतल्या कापडाच्या कडेचे दोन-तीन धागे ओढून काढा आणि चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. लोकर ज्योतीपासून आक्रसते, सावकाश जळते, बाहेर काढली की बहुधा विझते, जळालेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. अॅक्रिलिक वा पॉलिएस्टर वितळते आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. तो मणी गरम असताना हात लावू नका.

आणखी खात्री हवी असेल तर घरातल्या ब्लीचच्या द्रावणात धागा बुडवून ठेवा. लोकर त्यात बुडबुडे येत काही वेळात विरघळून जाते. अॅक्रिलिक, पॉलिएस्टर, कापूस तसेच राहतात. नायलॉनभोवती गुंडाळलेली लोकर असेल तर शेवटी आतला बारीक नायलॉनचा धागा तेवढा शिल्लक दिसतो. हे काचेच्या वाटीत, खिडकीजवळ करा, आणि त्या ब्लीचमध्ये दुसरे काहीही मिसळू नका.

बर्फवाट (मूळ सोलापूर, सध्या पुणे)

किब्बरबद्दल मी लिहितो. दोन हिवाळे मी तिथे गेलो आहे. गाव चार हजार दोनशे मीटरच्या वर आहे. फेब्रुवारीत रात्री तापमान उणे वीसच्या खाली जाऊ शकते. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, त्यामुळे शिमला–किन्नौरच्या बाजूने काझाला पोहोचावे लागते आणि या लांबच्या प्रवासात उंचीची सवयही हळूहळू होते.

तिथला दिनक्रम तुमच्या नान्नजच्या सकाळीसारखाच असतो, फक्त सगळे प्रमाण वाढलेले. स्थानिक मागकाढे पहाटे कड्यांवर नजर ठेवून असतात. निरोप आला की बर्फातून तासभर चढायचे आणि मग एका धारेवर चार-पाच तास दुर्बीण लावून बसायचे. चढताना दम लागतो आणि घाम येतो, उणे दहातही येतो. पहिल्या वर्षी मी अडीचशे जीएसएमचा एकच भारी थर नेला होता. चढताना तो काढता येईना, कारण त्याखाली काहीच नव्हते. आणि बसल्यावर तो ओला. दुसऱ्या वर्षी दीडशेचे दोन आणि त्यावर घालायला दोनशेचा एक असे तीन नेले. चढताना फक्त दीडशेचा आणि वारा अडवणारे पातळ जाकीट. धारेवर पोहोचलो की खडकाआड अंगातला दीडशेचा काढून पिशवीतला दुसरा, कोरडा दीडशेचा घालायचा, त्यावर दोनशेचा, मग फ्लीस, मग पिसांचे जाकीट. उघड्या अंगाने अर्धा मिनिट जीव नकोसा होतो, पण पुढचे चार तास त्यावर निघतात. एवढी एक सवय लावून घ्या. मी नेलेल्या कोणत्याही महागड्या वस्तूपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला.

पायांसाठी तसाच आतला पायजमा विसरू नका. बसल्यावर बर्फाची थंडी खालून येते, त्यामुळे अंगापेक्षा मांड्या आधी गारठतात. फोमची घडी होणारी चटई जवळ असावी.

तिथे कपडे धुणे होत नाही, नळ गोठलेले असतात. दहा दिवस दोन पातळ आणि एक मध्यम एवढ्यावर निघाले आणि खोलीत कोणाला नाक धरावे लागले नाही. पॉलिएस्टर वापरणाऱ्या सोबत्याला हे तिसऱ्या दिवशीच अवघड झाले होते. आणखी एक कारण म्हणजे घरातला तंदूर. सगळे त्याच्याभोवती दाटीवाटीने बसतात आणि लाकडाची ठिणगी उडते. सिंथेटिक कापडावर ठिणगी पडली की वितळून भोक पडते, कातडीलाही चिकटू शकते. लोकर तेवढ्यापुरती करपते.

चंडोल (सोलापूर)

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि मुलांना घेऊन नान्नजला जाते. वरच्या सर्वांचे लेखन मी लक्षपूर्वक वाचले, तरी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. किब्बरला जायचे असेल तर मेरिनो घ्यावी, यात वाद नाही. पण केवळ नान्नजसाठी, वर्षातल्या दहा-बारा पहाटांसाठी, चार हजार रुपये खर्च करावेत असे मी नवशिक्यांना सांगणार नाही. माझे विद्यार्थी पाचशे रुपयांच्या आतला पॉलिएस्टरचा खेळाचा सदरा घालून येतात; तो लवकर वाळतो, पिशवीत दुसरा कोरडा सुती सदरा असतो आणि बसण्याआधी ते बदलतात. बर्फवाट यांनी सांगितलेली कपडा बदलण्याची युक्ती इथेही लागू पडते. सुती बनियन घालून चालणे टाळले आणि कोरडे होऊन बसले, तर दोन तास आरामात निघतात.

ज्यांना मेरिनो घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी मापाबद्दल लिहिते, कारण वरच्या उत्तरांत ते आलेले नाही. हा कपडा अंगाबरोबर असावा. सैल असेल तर मधल्या पोकळीत वारा खेळतो आणि घाम कापडापर्यंत पोहोचतच नाही. पण काखेत व छातीवर ताणला जाईल इतका घट्टही नको. दुकानात तो घालून खाली वाका, उकिडवे बसा, हात डोक्यावर न्या. पाठीमागे कमर उघडी पडत असेल तर तो कपडा आपल्या कामाचा नाही, कारण आपण निम्मा वेळ पालथे पडून किंवा गुडघ्यांवर असतो. खांद्याच्या मधोमध शिवण नसावी. पिशवीचा पट्टा नेमका तिच्यावर बसतो. गळ्याला अर्धी चेन असलेला प्रकार बदलत्या हवेसाठी फार सोयीचा आहे. चढताना चेन खाली, बसल्यावर वर, आणि ऊन चढले की पुन्हा खाली. स्त्रियांनी पुरुषांच्या मापाचा लहान आकार घेऊ नये. खांदे उतरतात आणि कमरेला आखूड होतो. मी ती चूक केली आहे.

धुण्याबद्दल आपल्या गावापुरते सांगते. आपल्याकडे बोअरचे पाणी जड आहे. साबणाची वडी त्यात फेसाळत नाही, तिचा पांढरा साका तंतूंवर बसतो आणि कापड राठ होते. लोकरीसाठी मिळणारा पातळ साबण किंवा सरळ रिठ्याचे पाणी वापरावे आणि पाणी कोमट, तीस अंशांच्या आतले ठेवावे. ‘एन्झाइम’ असे लिहिलेली पावडर टाळा. डाग काढण्यासाठी तिच्यात प्रथिने पचवणारी द्रव्ये घातलेली असतात आणि लोकर हे प्रथिनच आहे. चोळायचे नाही, पिळायचे नाही. तंतूंवर खवले असतात. उष्णता, साबण आणि घासणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा होतो. काही कपड्यांवर प्रक्रिया करून हे खवले झाकलेले असतात, ते यंत्रात धुता येतात. पण चिठ्ठी वाचल्याशिवाय तसे करू नये. धुतल्यावर कपडा आपल्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळून वरून तळहातांनी दाबला की टॉवेल बहुतेक पाणी शोषून घेतो. मग सावलीत बाजेवर पसरून वाळवावा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने लांबतो.

सूतपारखी (सोलापूर)

चंडोल ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, विशेषतः विद्यार्थ्यांच्या बाबतीत. फक्त एवढे सांगतो की पॉलिएस्टर घामाचा थेंब पसरवते आणि लवकर वाळवते, पण वाळताना गारवाही लवकर देते. जिथे बदलायला जागा आणि वेळ आहे तिथे ते उत्तम. सकाळी लपणगृहात शिरल्यावर मात्र हलता येत नाही, समोर प्राणी आधीच असतात; तिथे सावकाश वाळणारी लोकर सोयीची पडते.

उन्हाळ्यात ठेवताना कपडा धुऊन, पूर्ण कोरडा करून ठेवा. कसरीच्या अळ्यांना घामाचे व अन्नाचे डाग लागलेली लोकर सर्वांत आवडते, आणि खाते ती अळी. उडणारा पतंग खात नाही. कडुलिंबाचा पाला घालण्याची रीत चांगली आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. हवा न शिरणाऱ्या पिशवीत बंद करून ठेवणे आणि महिन्या-दीड महिन्याने काढून झटकणे अधिक खात्रीचे.

नान्नजची पहाट (सोलापूर)

सर्वांचे आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे मुडपेचे धागे काढून जाळले. केसांचा वास आला नाही, धागा गळला आणि टणक काळा मणी उरला. ब्लीचमध्येही सकाळी टाकलेले धागे संध्याकाळी जसेच्या तसे होते. तो कपडा विक्रेत्याकडे परत पाठवतो आहे.

त्यानंतर दीडशे जीएसएमचा, साडेअठरा मायक्रॉनचा, तेरा टक्के नायलॉन असलेला अर्ध्या चेनचा एक सदरा घेतला. दुकानात उकिडवे बसून, हात वर करून पाहिला. पहिले दोन आखूड निघाले, तिसरा बसला. काल पहाटे तो घालून गेलो. हवा तेरा अंशांची होती, वारा उत्तरेकडून. चालताना जाकीट पिशवीत ठेवले आणि चेन छातीपर्यंत उघडली. तरीही पाठीला घाम आलाच. बसल्यावर पाठीला हात लावून पाहिले तर कापड किंचित दमट होते, पण गार लागत नव्हते. खांद्यावरून आजोबांची घोंगडी घेतली. पावणेसातला भोवत्या पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत आला, त्यामागून काळविटांचा कळप, आणि दोन तासांत एकदाही बोटे थरथरली नाहीत. नऊनंतर चेन पुन्हा उघडली, दहाला घोंगडी खाली अंथरली. अकराला निघताना थोडे उकडले. तेवढ्यासाठी एक पातळ सुती शर्ट पिशवीत ठेवायला हवा, हे ध्यानात घेतले.

लांडगे आले नाहीत. किब्बरसाठी दुसरा दीडशेचा आणि एक दोनशेचा असे दोन सदरे पुढच्या महिन्याच्या पगारात घेणार आहे. बर्फवाट, आतल्या पायजम्यासाठीही दोनशेच घ्यावा की दीडशेचे दोन, एवढे मात्र सांगा.

बर्फवाट (मूळ सोलापूर, सध्या पुणे)

दोनशेचा एकच घ्या. पायांना पाठीइतका घाम येत नाही आणि धारेवर पायजमा बदलता येत नाही. फक्त तो गुडघ्यात ढिला आणि घोट्याशी घट्ट असेल असा पाहा, म्हणजे मोज्यात नीट खोचला जातो.